साखरेच्या मुठींत लोखंड

तालुक्याच्या गांवच्या रुग्णालयांतील प्रसूतिविभागांत सकाळच्या वेळीं डोकावून पाहिलें, तर एक दृश्य पुष्कळदां दिसतें. सातवा-आठवा महिना लागलेली एखादी स्त्री खाटेवर पडलेली असते. तिचे ओठ पांढुरके, नखें फिकट. चार पावलें चालली तरी तिला धाप लागते. उशाशीं सलाइनची बाटली टांगलेली असते आणि तींतून कोऱ्या चहाच्या रंगाचें पाणी थेंबथेंब तिच्या शिरेंत उतरत असतें. "रक्त चढवतां कां हो बाई?" म्हणून शेजारच्या खाटेजवळ बसलेली म्हातारी विचारते. परिचारिका सांगते, "नाहीं आजी, लोह चढवतेंय." म्हातारी तोंडाला पदर लावते. लोखंड तें काय, आणि तें माणसाच्या शिरेंत घालावयाचें तें काय!

म्हातारीची ही शंका अडाणीपणाची नव्हे. मोठमोठ्या वैद्यांना हीच शंका दीर्घकाळ छळीत होती. लोहावांचून जीवन नाहीं; परंतु तेंच लोह उघडें, कशाच्याहि आधारावांचून रक्तांत सोडलें, तर प्राणांवर बेततें. हा पेंच सुटला तो, लोहाला साखरेच्या रेणूंच्या मुठींत धरावयास मनुष्य शिकला तेव्हां. ही मूठ कशी वळली गेली, ती सैल राहिली तर काय होतें आणि घट्ट झाली तर काय होतें, हें जाणून घेण्यासारखें आहे. कारण त्या खाटेवरील स्त्रीचें बरेंवाईट त्या मुठीवरच अवलंबून असतें.

प्रौढ मनुष्याच्या सबंध देहांत तीन ते चार ग्रॅम लोह असतें. वजनानें पाहिलें तर एखाददुसऱ्या खिळ्याचा ऐवज! त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग रक्ताला लाली देणाऱ्या हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यांत गुंतलेला असतो आणि तोच फुप्फुसांतील प्राणवायु अंगभर पोंचवितो. शरीराचा या धातूविषयींचा व्यवहार एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा आहे. जुन्या रक्तपेशी मोडल्या कीं त्यांतील लोह काढून नव्या पेशींत घालावयाचें, जसें जुनें सोनें मोडून नवा दागिना करावा. अशा रीतीनें रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोहाची उलाढाल होते; अन्नांतून घ्यावें लागतें तें अवघें एक-दोन मिलिग्रॅम. मात्र या घराला एक विलक्षण उणीव आहे. जास्तीचें लोह बाहेर टाकण्याची मोरीच त्याला नाहीं. ही गोष्ट इंग्लंडांत मॅक्कान्स व विडोसन या संशोधकांनीं १९३७ सालीं पुढें मांडली. लोह आंत घेतांनाच काय ती निवड करावयाची. एकदां आंत आलें कीं तें राहिलें.

आणि आंत आलेलें लोह मोकळें फिरूं देणें धोक्याचें असतें. केंब्रिजच्या फेंटन या रसायनशास्त्रज्ञानें १८९४ सालीं असें दाखविलें होतें कीं, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सांनिध्यांत लोहाचा अंशमात्र आला तरी तीव्र दाहक क्रिया सुरू होते. हायड्रोजन पेरॉक्साइड हें द्रव्य शरीरांतील पेशींतहि अल्प प्रमाणांत सतत उत्पन्न होत असतें. तेथें मोकळें लोह मिळालें, तर पेशींचीं आवरणें आणि प्रथिनें होरपळून निघतात. म्हणून निसर्गानें लोहाला कधीं एकटें सोडलें नाहीं. रक्तांतून नेतांना ट्रान्सफेरिन नांवाचें प्रथिन त्याचा हात धरून नेतें, आणि सांठवावयाचें झाल्यास फेरिटिन नांवाच्या पोकळ गोलांत तें कोंडून ठेवण्यांत येतें. झेक शास्त्रज्ञ लाउफबर्गर यानें १९३७ सालीं घोड्याच्या प्लीहेंतून हें फेरिटिन वेगळें काढलें. २४ प्रथिनखंडांच्या या चिमुकल्या कणगींत लोहाचे ४५०० पर्यंत अणु मावतात.

लोहाचें औषध पोटांत देण्याची रीत फार जुनी आहे. पांडुरोगावर मंडूर व लोहभस्म देण्याची आयुर्वेदाची परंपरा सर्वश्रुत आहे. इंग्लंडांत सतराव्या शतकांत सिडनहॅमनें लोखंडाचा कीस द्राक्षासवांत भिजवून दिला. फ्रान्समध्यें ब्लो याच्या लोहाच्या गोळ्या १८३२ पासून गाजल्या. आजहि पहिला उपाय गोळ्यांचाच, आणि तो योग्यच आहे. कारण तो स्वस्त आहे, घरीं घेतां येतो आणि आंतड्याचा द्वारपाळ जागा असल्यामुळें अतिरेकाचें भय कमी असतें. परंतु कांहींजणांना गोळी सोसत नाहीं; मळमळतें, पोट साफ होत नाहीं. कांहींच्या आंतड्यांत दोष असतो. दीर्घ रोगानें पछाडलेल्यांच्या बाबतींत तर यकृतच हेप्सिडिन नांवाचा स्राव सोडून आंतड्याचें दार लावून घेतें. आणि आठव्या महिन्यांतील स्त्रीपाशीं सर्वांत मोठी उणीव असते ती काळाची. गोळ्यांनीं रक्त भरून येण्यास महिने लागतात. प्रसूति तितकी थांबत नाहीं.

मग लोह सरळ शिरेंत कां देऊं नये? हा प्रयत्नहि झाला. बोस्टन येथील हीथ, स्ट्राउस व कॅसल यांनीं १९३२ सालीं असें सिद्ध केलें कीं, टोंचून दिलेलें लोह खरोखरच हिमोग्लोबिनांत जाऊन बसतें. तत्त्व खरें ठरलें, परंतु व्यवहार अडला. साधे लोहक्षार अगदीं थोड्या मात्रेंत दिले तरी रुग्णास मळमळ, छातींत दडपण व घेरी येऊं लागे. अधिक मात्रा देण्याचें धाडस करावें तर जीवाशीं गांठ. लोहाची गरज ग्रॅमची, आणि सोसे तें कांहीं मिलिग्रॅम. विहिरीला पाणी भरपूर, पण पोहरा चमच्याएवढा, अशी गत झाली. १९४७ सालीं निसिम या वैद्यानें लोहाच्या ऑक्साइडला साखरेची जोड दिलेलें औषध शिरेंतून देऊन त्याचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि या कोंडींत पहिली वाट दिसली.

साखर येथें नेमकें काय करते, हें शाळेच्या प्रयोगशाळेंतील एका साध्या अनुभवावरून ध्यानांत येईल. फेरिक क्लोराइडच्या पिवळसर द्रावणांत दाहक सोड्याचें पाणी घातलें, कीं गंजाच्या रंगाचा गाळ क्षणांत तळाशीं बसतो. लोहाचा हा स्वभावच आहे; जेथें आम्लता सरली तेथें तें एकमेकांस बिलगून गंज होतें. पण तेथें योग्य प्रमाणांत साखर असेल, तर गाळ न बसतां गडद तपकिरी, पारदर्शक द्रावण तयार होऊं शकतें. गंज तयार होतोच; परंतु त्याचे कण वाढीस लागण्यापूर्वींच साखरेचे रेणु त्यांना चोहोंकडून वेढतात. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीचीं अनेक टोंकें बोटांसारखीं पुढें आलेलीं असतात. तीं लोहाच्या कणाचा पृष्ठभाग धरून ठेवतात आणि एका कणास दुसऱ्याशीं भिडूं देत नाहींत. सुटी साखर असेल तर ही पकड बेताची. पण साखरेच्या अनेक रेणूंची लांब सांखळी असेल, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यास बहुवारिक म्हणतात तसा पदार्थ असेल, तर शेंकडों बोटें एकदम लागतात आणि पकड पक्की होते.

या कणांचें मोजमाप नॅनोमीटरनें, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागानें करितात. म्हणून त्यांस नॅनोकण म्हणतात. मनुष्याची एक तांबडी रक्तपेशी जात्याच्या तळीएवढी कल्पिली, तर यांतील मोठा, ३० नॅनोमीटरचा कण मोहरीच्या दाण्याएवढा ठरेल, आणि साध्या साखरेनें वेढलेला कण खसखशीहूनहि बारीक ठरेल. म्हणूनच ते अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतूनहि न अडतां वाहूं शकतात.

बहुवारिकांपैकीं जें पुढें सर्वांत गाजलें, त्याची जन्मकथा साखर कारखान्याशीं निगडित आहे. ऊस तोडून उन्हांत दोनचार दिवस पडूं दिला, तर त्याचा रस चिकट, तारदार होतो. गाळतांना अडतो, उकळी नीट येत नाहीं आणि दाणा चांगला पडत नाहीं. म्हणून ताज्या उसाचा आग्रह असतो. हा चिकटा ल्युकोनोस्टॉक नांवाच्या जंतूंचा उद्योग आहे. साखरेच्या प्रत्येक रेणूंत ग्लुकोज व फ्रुक्टोज अशा दोन साखरा जोडलेल्या असतात. हा जंतु ती जोडी फोडतो, फ्रुक्टोज सोडून देतो आणि ग्लुकोजचे मणी एकापुढें एक ओवून लांब माळ बनवितो. या माळेस १८७४ सालीं शायब्लर यानें डेक्स्ट्रान हें नांव दिलें. स्वीडनमधील उप्साला येथें ग्रोनवाल व इंगेलमान यांनीं १९४० नंतरच्या दशकांत हेंच डेक्स्ट्रान शुद्ध करून, रक्तस्राव झालेल्यांस शिरेंतून देण्याजोगें द्रव्य बनविलें. कारखानदारानें शिव्या दिलेला चिकटा रुग्णालयांत असा मानानें शिरला! त्यानंतर ब्रिटनमध्यें डेक्स्ट्रानच्या माळांत लोह गुंफण्यांत आलें आणि १९५४ सालीं बेअर्ड व पॉडमोर यांनीं तें स्नायूंत टोंचून पंडुरोग बरा होत असल्याचें प्रसिद्ध केलें.

परंतु कोणतेंहि औषध निव्वळ गुणांचें नसतें. १९५९ सालीं रिचमंड यानें असें दाखविलें कीं, उंदरांना लोहयुक्त डेक्स्ट्रान वारंवार व मोठ्या प्रमाणांत टोंचल्यास टोंचल्या जागीं दुष्ट अर्बुदें उत्पन्न होतात. ती मात्रा उंदराच्या देहाच्या मानानें अवाढव्य होती. तथापि तिनें वैद्यांना सावध केलें. दुसरा धोका अधिक तांतडीचा होता. कांहीं रुग्णांचें शरीर डेक्स्ट्रानच्या लांब माळेलाच शत्रु समजे. अशा रुग्णास औषध देतांच श्वास कोंडे, रक्तदाब कोसळे. क्वचित् मृत्यूहि ओढवे. ज्या साखरेनें लोहाचें विष आवरलें, तीच साखर अपवादानें घात करूं शकते, हा धडा मोठ्या किंमतीनें मिळाला. म्हणून पुढें आंखूड माळांचें डेक्स्ट्रान आणि त्याहून निराळीं वेष्टणें शोधण्यांत आलीं. युरोपच्या औषधनियामक संस्थेनें २०१३ सालीं बजावलें कीं, शिरेंतून लोह द्यावयाचें तें, अशी प्रतिक्रिया उद्भवल्यास तात्काळ उपचार करणारीं शिकलेलीं माणसें व साधनें जेथें हजर असतील तेथेंच द्यावें, आणि नंतर निदान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवावें. आधीं चार थेंब देऊन पाहण्याची जुनी चांचणीहि भरंवशाची नाहीं, असें तिनें स्पष्ट केलें. कारण चांचणींत निभावलेल्या रुग्णासहि पुढें त्रास होऊं शकतो.

आतां मुठीच्या घट्टपणाचा प्रश्न. शिरेंत गेलेले कण रक्तांतच फुटावयाचे नसतात. यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी त्यांना गिळतात, साखरेचें वेष्टण उसवतात आणि आंतील लोह बेताबेतानें ट्रान्सफेरिनच्या हवालीं करितात. तेथून तें अस्थिमज्जेंत जाऊन नव्या रक्तपेशींत बसतें. मूठ सैल असेल, तर कण भक्षक पेशींपर्यंत पोंचण्यापूर्वींच थोडें लोह रक्तांत गळतें. मात्रा मोठी असेल तर ट्रान्सफेरिनचे हात अपुरे पडतात. साध्या साखरेंत बांधलेलें लोह, ज्यास आयर्न सुक्रोज म्हणतात, तें या कारणानें एका वेळीं सामान्यतः २०० मिलिग्रॅमच देतात. कार्बोक्सिमाल्टोज नांवाच्या साखरसांखळीची पकड अधिक घट्ट. तिच्यांत बांधलेलें लोह एका बैठकींत १००० मिलिग्रॅमपर्यंत देतां येतें. युरोपांत हें औषध २००७ सालापासून आहे. त्यालाहि एक खोड आहे. तें दिल्यावर कांहींजणांच्या रक्तांतील फॉस्फेट उतरतें.

हा भेद पुस्तकी वाटेल. पण गणित मांडून पाहावें. गॅन्झोनी यानें १९७० सालीं लोहाची तूट काढण्याचें एक सूत्र दिलें आहे. रुग्णाच्या वजनाचे किलो, हिमोग्लोबिनांत जितकी वाढ हवी तो आंकडा आणि २.४, यांचा गुणाकार करावा व शिल्लक सांठ्यासाठीं ५०० मिळवावे. ४५ किलो वजनाच्या स्त्रीचें हिमोग्लोबिन ७ आहे आणि तें ११ वर न्यावयाचें आहे, तर ४५ गुणिले ४ गुणिले २.४ म्हणजे ४३२. त्यांत ५०० मिळवून ९३२ मिलिग्रॅम. सैल मुठीचें औषध घ्यावयाचें तर पांच खेपा. घट्ट मुठीचें घ्यावयाचें तर बहुधा एक. वाडीवर राहणाऱ्या, मजुरीवर जाणाऱ्या गरोदर स्त्रीला पांच वेळां मजुरी बुडवून, घरचें लहान मूल शेजारणीकडे ठेवून, दोन गाड्या बदलून तालुक्याला यावें लागतें. तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाहीं, तर दोष तिचा नव्हे. रेणूच्या पकडींतील फरक असा थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचतो. भारत सरकारच्या २०१८ सालच्या पंडुरोगमुक्तीच्या योजनेंत, उशिरा आढळलेल्या किंवा गोळ्या नियमित घेण्याचा संभव कमी असलेल्या गरोदर स्त्रियांसाठीं या दोन्ही औषधांचा उल्लेख आहे. मात्र गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेंतून लोह देत नाहींत.

साखरेंत बांधलेल्या लोहाचा दुसरा उपयोग रोग पाहण्यासाठीं झाला. लोहाचे कण चुंबकास वश असतात. म्हणून चुंबकीय प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांत ते जेथें जमतात तेथें काळी छटा उमटते. निरोगी यकृतांतील भक्षक पेशी डेक्स्ट्रानवेष्टित कण गिळतात. अर्बुदाच्या गांठींत बहुधा तशा पेशी नसतात. साहजिकच काळ्या पार्श्वभूमीवर गांठ उजळ दिसते. असें एक औषध अमेरिकेंत १९९६ सालीं संमत झालें होतें, पुढें तें मागें पडलें. २००३ सालीं पौरुषग्रंथीच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत, नेहमींच्या प्रतिमेंत न दिसणारा रसग्रंथींतील रोगप्रसार या कणांच्या साहाय्यानें ओळखतां आला.

याच मुठीचा तिसरा उपयोग नेमका उलटा आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना दोनचार आठवड्यांनीं बाहेरचें रक्त द्यावें लागतें. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारें २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आंत येतें, आणि बाहेर जाण्याची मोरी नाहीं हें वर आलेंच आहे. हें लोह हृदयांत व यकृतांत सांचून शेवटीं जीव घेतें. तें धरून बाहेर काढणारें डेफेरॉक्सामिन नांवाचें औषध आहे. परंतु तें रक्तांत फार थोडा वेळ टिकतें. म्हणून आठवड्यांतील पांच ते सात रात्रीं, आठ ते बारा तास कातडीखालीं सुई ठेवून तें सोडावें लागे. पोटांत घेण्याचीं औषधें निघाल्यापासून कित्येक मुलांची या सुईंतून सुटका झाली आहे. या औषधाचे रेणु डेक्स्ट्रान वा पिष्टाच्या लांब सांखळीवर ओवले, तर तें रक्तांत अधिक काळ टिकतें व त्याची विषारी बाजूहि सौम्य होते, असें १९८९ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आलें. पिष्टावर ओवलेलें औषध पुढें थॅलेसेमियाच्या रुग्णांनाहि देऊन पाहण्यांत आलें. एका ठिकाणीं साखरेची मूठ लोह आणून देते, दुसऱ्या ठिकाणीं तीच तें घेऊन जाते.

येथें एक इशारा मात्र विसरतां कामा नये. फिकटपणा दिसला कीं लोहच कमी, असें नाहीं. १९२८ नंतर मुंबईंत ल्यूसी विल्स या विदुषीनें गिरणीकामगार वर्गांतील गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. त्यांतील एका प्रकारावर लोहाचा नव्हे तर यीस्टच्या अर्काचा गुण येतो, असें तिला आढळलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. तेव्हां आधीं रक्ताची तपासणी, मग औषध, हाच क्रम राखला पाहिजे.

२०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७, आणि महाराष्ट्रांतील शेंकडा ५४ स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. इतक्या साऱ्यांना शिरेंतून लोह देणें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. पालेभाजी, कडधान्य, गूळ-शेंगदाणे, परवडेल त्यास मांसमासळी आणि वेळेवर घेतलेली साधी गोळी, हाच राजमार्ग. परंतु ज्या स्त्रीचा तो मार्ग हुकला आणि जिच्यापाशीं आतां आठवडेच उरले, तिच्यासाठीं ती कोऱ्या चहाच्या रंगाची बाटली आहे. सुनेच्या उशाशीं ती टांगलेली पाहून सासूनें भिऊं नये. मात्र लोह चढत असतां व त्यानंतर अर्धा तास सुनेजवळून हलूंहि नये, आणि अंगाला खाज सुटली, दम लागला, घेरी आली, तर तात्काळ हांक मारावी. त्या बाटलींत लोखंड आहे खरें. पण तें साखरेच्या मुठींत आहे, आणि ती मूठ योग्य जागीं पोंचल्यावरच उघडावी यासाठीं कित्येकांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत.